पहिला घोट

"मग आज तरी अनुग्रह देता ना, महाराज?"

विश्वंभरनं चिखलदऱ्याच्या घाटात हे कितव्यांदा विचारलं, देव जाणे. आडकूबुवा म्हणाले, "धबधबा पाहू आधी."

माघात कसला आलाय धबधबा! कड्यावरून नुसती धार लोंबत होती. पण बुवांना सांगणार कोण?

गावाबाहेर कॉफीच्या मळ्याला लागून फुलाबाईचं घर. तिनं दारातून हाक मारली, "बुवा, नवी कॉफी झाली, या ना!"

बुवा चपला काढेपर्यंत विश्वंभर आत शिरलासुद्धा. सगळीकडे पुढं पुढं करायची खोडच त्याला.

आत खाटेवर फुलाबाईचा म्हातारा, मोतीराम, पडून होता. पावसाळ्यापासून अंथरूण धरलेलं. अंगणातलं कॉफीचं झाड त्यानंच लावलेलं. त्याचीच फळं वाळवून, तव्यावर भाजून, उखळात कुटून बाईनं गुळाची काळी कॉफी केली होती. घरभर वास सुटला होता.

तिनं पहिली वाटी विश्वंभरपुढं धरली.

"मी घेत नाही. चहा, कॉफी, सगळं सोडलंय."

"घोटभर घ्या, बाबू."

"आजी, जिभेचे चोचले सोडल्याशिवाय देव भेटत नाही."

हे त्यानं चांगलं मोठ्यानं सांगितलं. बुवांना ऐकू जावं म्हणून.



फुलाबाईनं वाटी परत भांड्यात ओतली. भांडं चुलीवरून उतरवलं आणि झाकण ठेवलं. मोतीरामनं उशीवरून उचललेली मान हळूच खाली टेकवली.

"राहू दे, फुला," तो म्हणाला. "उद्या येईन कोणी."

विश्वंभरला काही उमजेना. "अहो, मला नको म्हणालो. तुम्ही घ्या की!"

"तसं नाही जमत, बाबू," बाई म्हणाली. "नव्या कॉफीचा पयला घोट पाव्हण्याचा. जो आधी उंबरठा ओलांडते, तो पाव्हणा. तो नाही म्हणाला, तर त्या दिवशी घरात कोणी पेत नाही. यायनं सकाळपासून दाराकडे डोये लावले होते. पुढच्या साली हे..."

तिनं खाटेकडे पाहिलं. पदराचं टोक तोंडाशी गेलं.

विश्वंभरचे कान तापले. एवढी शरम त्याला जन्मात वाटली नव्हती. त्यानं बुवांकडे पाहिलं. बुवा चुलीतल्या राखेकडे बघत होते.

"आजी, चुकलो. द्या."

त्यानं वाटी दोन्ही हातांनी घेतली आणि घोट घेतला. बाईनं मोतीरामला टेकवून बसवलं, वाटी त्याच्या ओठांना लावली. म्हातारा डोळे मिटून प्याला. मिशीला लागलेलं बोटानं पुसून तेही चाटलं.

"यंदा साधली, फुला," तो म्हणाला.

मग त्यानं विश्वंभरपुढं हात जोडले. "बाबू, आमच्यापायी तुमचं व्रत मोडलं. माफ करा."

विश्वंभरला वर बघवेना. भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला.

धबधब्याची वाट उतरताना तो बुवांच्या पुष्कळ मागं राहिला. वळणावर बुवा थांबले.

"काय रे, मघापासून गप्प? अनुग्रह नको?"

"कोणत्या तोंडानं मागू, महाराज...? लाज वाटते."

"मग आता माग."