झऱ्याचंच पाणी

फार फार वर्षांपूर्वी, घाटवाटा अजून पायांनीच मोजल्या जात, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी मन लावून ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकत नसल्याचं सोंग करत ऐकावी.

एका डोंगराच्या पायथ्याशी ख्रिस्ती लोकांची पंधरा-वीस घरांची वाडी होती. वाडीत एक कौलारू प्रार्थनामंदिर होतं, एक विहीर होती आणि एक हाडवैद्य होता. त्याचं नाव शांतवन. आईबापांनी मोठ्या आशेने ठेवलेलं नाव. पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातली गत. हात मोठा गुणी. मोडलेलं हाड त्याच्या बोटांना कातड्यावरूनच दिसायचं. तोंडाला मात्र दिवसभर विश्रांती नसे. ऊन जास्त झालं म्हणून कुरकुर, कमी झालं म्हणून कुरकुर. बायको वारून बरीच वर्षं झाली होती. एकटा राहायचा, स्वतःची भाकरी स्वतः थापायचा आणि ती करपली की चुलीशी भांडायचा.

त्याच डोंगराच्या खांद्यावर धनगरांच्या देवीचं ठाणं होतं. ठाण्यामागे कातळातून बारमाही झरा झिरपत असे. दसरा झाला की धनगर मेंढरं घेऊन दूर मुलखात उतरत, ते उन्हाळा सरता सरता परतत. तेवढे महिने ठाण्यापाशी बायजाई नावाची म्हातारी एकटीच राही. सत्तरी उलटलेली, वाळल्या शेंगेसारखी बारीक, आणि जिभेने शांतवनची थोरली बहीण शोभेल अशी.

एका फाल्गुनात शांतवन बांबू तोडायला डोंगरावर गेला होता. ठाण्याच्या पायऱ्यांखाली त्याला बायजाई पडलेली दिसली. मांडीचं हाड मोडलं होतं. त्याने पाय तात्पुरता बांधला आणि तिला पाठीवर घेऊन उतरायला लागला.

"मला खाली नेऊ नकोस," म्हातारी ओरडली. "आईपुढे दिवा कोण लावील?"

"देवीला अंधारात दिसत नाही का?"

"तुमच्या देवाला दिसतं ना? मग सणाला मेणबत्त्या कशाला लावता?"

शांतवन आणखीच चिडला. पण पाठीवरचा भार त्याने एकदाही हिसडला नाही.

घरी आणून त्याने हाड बसवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि बजावलं, "चाळीस दिवस हलायचं नाही. हललीस, तर हाड निसटेल आणि मग देवही जोडणार नाही. माझाही आणि तुझाही." तिचं न्हाणंधुणं करायला शेजारची रिबकामावशी कबूल झाली. सगळं रांगेला लागलं असं वाटून शांतवनने तिच्यापुढे तांब्या धरला.

"कुठलं पाणी?" म्हातारीने विचारलं.

"पाणी म्हणजे पाणी. विहिरीचं."

"मी झऱ्याचंच पिते. नेम आहे माझा."

"आणि भाकरी? ती चालेल का महाराणींना?"

"भाकरी खाईन की. नेम पाण्याचा आहे."

"अगं म्हातारे, भाकरीच्या पिठात विहिरीचंच पाणी आहे!"

"ते तव्यावर जळून गेलं."

शांतवनने कपाळावर हात मारला, कळशी उचलली आणि डोंगर चढायला लागला. पाऊण कोसाचा चढ. वाटेत त्याने दगडाला, काट्याला, बांबूला आणि स्वतःच्या नशिबाला बोल लावले. कळशीभर पाणी आणलं. म्हातारी पोटभर प्यायली आणि म्हणाली, "भाकरी जाड झालीये. जोत्याला लावायची होती का?"

असं रोज चाललं. रोज पहाटे कळशी, रोज गुडघे दुखणं, रोज भाकरीला नावं. हाड मात्र छान धरत होतं.

दहाव्या दिवशी याकोबदादा आले. ते प्रार्थनामंदिराच्या मंडळीतले वडीलधारे. वाडीत त्यांचा शब्द खाली पडत नसे. अंगणात बसून त्यांनी घसा साफ केला.

"शांतवन, मंडळीत बोलणं होतंय. ख्रिस्ती माणूस रोज सकाळी देवीच्या झऱ्यावर जातो, हे काही बरं दिसत नाही."

"पाणी आणायला जातो, दादा. नाचायला नाही."

"पाणी नाही ते, तिचा नेम आहे. तो तू डोक्यावरून वाहतोयस. तू म्हणे तिचा पाय सांभाळतोस. आत्मा कोण सांभाळणार? दोन दिवस झऱ्याचं पाणी बंद कर. तहान लागली की पिईल आपल्या विहिरीचं. एकदा प्यायली, की गाठ सुटलीच म्हणून समज. मग प्रार्थनेलाही बसेल. तिच्याच भल्याचं सांगतोय."

खरं सांगायचं, तर शांतवनला त्या वेळी तिचा आत्मा आठवला नाही. आठवले ते स्वतःचे गुडघे. पण गुडघ्यांच्या कुरकुरीला धर्माचं नाव मिळालं, की माणसाला फार बरं वाटतं. त्यालाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने कळशी विहिरीवर भरली आणि गुपचूप आणून ठेवली. म्हातारीने घोट घेतला, तोंडात फिरवला आणि बाजूच्या राखेत थुंकून टाकला.

"हे विहिरीचं आहे."

"मग आहेच! याच पाण्यावर आमच्या चार पिढ्या जगल्या. आजपासून या घरात हेच मिळेल. प्यायचं तर पी."

ती भांडेल, शिव्या देईल, अशा तयारीने तो कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. म्हातारी फक्त म्हणाली, "बरं."

त्या एका 'बरं'ने तो जितका वैतागला, तितका तिच्या दहा दिवसांच्या बडबडीने वैतागला नव्हता.

तो दिवस गेला. म्हातारीने पाण्याला हात लावला नाही. भाकरी घशाखाली उतरेना, म्हणून तीही ठेवून दिली. उन्हं तापायला लागली होती. दुसऱ्या दिवशी रिबकामावशी बाहेर येऊन म्हणाली, "शांतवनभाऊ, तिचे ओठ फुटलेत. मला दम्याने चढवत नाही, नाहीतर मीच वर गेले असते."

"कोणी जायचं नाही. हट्ट आहे नुसता. मोडेल."

"हट्ट आहे खरा," रिबकामावशी म्हणाली. "पण कोणाचा, ते मला कळेना झालंय." आणि ती निघून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गावातून बोलावणं आलं. कोणी झाडावरून पडून हात मोडून घेतला होता. शांतवन तिकडे गेला, हात बांधला आणि भर दुपारी परतला. बघतो, तर बाज रिकामी.

तो वाडीभर धावला. शेवटी कुंपणापलीकडे, डोंगराच्या पायवाटेवर त्याला ती सापडली. कोपरांवर सरपटत ती पन्नासेक हात चढली होती. एका मुठीत रिकामा तांब्या धरलेला. कामट्या वाटेत विखुरल्या होत्या. शांतवनने तिच्या मांडीवरून बोटं फिरवली. धरलेलं हाड निसटलं होतं.

"कुठे निघाली होतीस?" तो किंचाळला.

"पाणी प्यायला."

"मरशील! जीव जाईल, पण माझ्या हातचं पिणार नाहीस तू!"

म्हातारीने कष्टाने डोळे उघडले. "तुझ्या हातचंच पीत होते की, दहा दिवस."

जन्मात पहिल्यांदा शांतवनला कुरकुरायलाही काही सापडेना. त्याने तिला उचलून घरी आणलं, कळशी घेतली आणि आपल्या वयाला न शोभेल असा डोंगर धावत चढला.

तो परत आला, तेव्हा त्याला दम लागून बोलवत नव्हतं. त्याने चमच्याचमच्याने तिला पाणी पाजलं. तिचा चेहरा जरा माणसात आल्यावर हाड पुन्हा ओढून बसवलं. म्हातारीने पदराचा बोळा दातांत धरला आणि हूं की चूं केलं नाही. ती ओरडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं.

बांधून झाल्यावर त्याने विचारलं, "हा नेम आहे तरी कसला?"

"आज विचारतोस?"

तो खाली मान घालून बसला. मग तिने सांगितलं.

"पटकीची साथ आली होती. गावातलं पाणी नासलं. माझी तीन लेकरं एका आठवड्यात गेली. चौथी पोरगी राहिली. तिच्या पोटात काही ठरेना. तिला उचलून आईच्या झऱ्यावर नेलं आणि पानाच्या द्रोणातून थेंब थेंब घातलं. दोन दिवस, दोन रात्री. ती जगली. तेव्हा आईला शब्द दिला, की आता जिवात जीव असेतो तुझंच पाणी पिईन. पोरगी आज नातवंडं खेळवते. मी शब्द कसा मोडू?"

शांतवनने पुन्हा चमचा भरून तिच्या ओठांशी धरला.

"तुझा माझ्या आईवर विश्वास नाही, नसू दे," म्हातारी म्हणाली. "माझ्या पोरीवर तरी ठेव."

दुसऱ्या पहाटे शांतवन कळशी घेऊन निघाला. पुन्हा दगडाला बोल, काट्याला बोल. उतरताना वाटेत याकोबदादा आडवे आले.

"परत सुरू केलंस?"

"दादा, जरा धरा," म्हणत शांतवनने भरलेली कळशी त्यांच्या हातांत दिली. आपण कळशी का धरली, हे न समजून याकोबदादा ती छातीशी घेऊन उभे राहिले.

"हाड तुमच्यामुळे नाही निसटलं," शांतवन म्हणाला. "तुम्ही बोललात. माझे गुडघे दुखत होते, म्हणून मला ते पटलं. पण एक सांगा. प्रभू वधस्तंभावर तहानलेला होता, तेव्हा त्याला काय मिळालं? आंब, म्हणजे आंबट झालेली दारू. का, तर पहारा करणाऱ्यांजवळ तीच होती. मीही तेच केलं. माझ्याजवळ आहे ते पी, नाहीतर राहा तशीच. मोठा दयाळू मी! रविवारी त्या गोष्टीवर डोळे पुसतो आणि सोमवारी पहारेकऱ्यासारखा उभा राहतो."

"पण तिचा आत्मा, शांतवन?"

"तो ज्याचा त्याच्याजवळ राहू दे. माझ्याकडे पाय दिलाय. तो मी मोडून ठेवला. आणा ती कळशी. जड असते, कळलं ना?"

याकोबदादांनी कळशी परत दिली. दोन्ही खांदे चोळत ते बराच वेळ वाटेत उभे होते.

त्यानंतर पन्नास दिवस शांतवनने पाणी वाहिलं. कौतुकाने वाहिलं असं कोणी म्हणू नये. रोज वैतागून वाहिलं. म्हातारी रोज भाकरीला नावं ठेवी, आणि तो रोज म्हणे, "तुझ्या नेमात माझी भाकरी गोड मानून घ्यायचं कलम नाही का?" हाड पुन्हा जुळलं. पण पाय दोन बोटं आखूड झाला.

उन्हाळा सरत आला आणि धनगर परतले. बायजाईचा भाचा बिरू आपल्या माणसांना घेऊन वाडीत आला. अंगणात गर्दी झाली. याकोबदादा आले, रिबकामावशी आली. म्हातारी काठी टेकून चार पावलं चालली, आणि बिरूच्या कपाळावर आठी पडली.

"आत्ये, पाय आखूड कसा झाला? या वैद्याचा हात तर मोठा नावाजलेला."

बिरूबरोबर आठ-दहा काठीवाले गडी होते.

"म्हातारं हाड," बायजाई म्हणाली. "ते का कोवळ्या पोरासारखं जुळणार आहे? चला."

इथे शांतवन गप्प बसला असता, तर कोणाला काही कळलं नसतं. त्याची कीर्ती शाबूत राहिली असती. पण त्याला ते सोसेना.

"खोटं आहे," तो म्हणाला. "हाड चांगलं धरलं होतं. मीच हिचं झऱ्याचं पाणी बंद केलं. विहिरीचं पी, म्हणून अडवून धरलं. ही तहानेने सरपटत निघाली, म्हणून हाड निसटलं. पाय मी आखूड केलाय."

बिरूची मूठ काठीवर घट्ट झाली. पण त्याच्याआधी म्हातारीच कडाडली.

"कोणी विचारलं होतं तुला? मी मिटवत होते ना!"

"तू मिटवून मिटत नाही, म्हातारे!"

"जन्माचा हेकट!" मग ती भाच्याकडे वळली. "तीन दिवस चुकला. बाकी दोन महिने डोंगर चढला माझ्यासाठी. शिव्या देत चढला, पण चढला. काठी खाली घे आणि मला धर."

बिरूने काठी खाली घेतली. त्याने आत्याला पाठीवर घेतलं आणि डोंगराची वाट धरली.

पुढल्या साली धनगरांच्या एका गड्याचा खांदा निखळला. त्याला घेऊन बिरू थेट शांतवनच्या दारी आला. मग दुसरा आला, तिसरा आला. मागून घाटावरून जाणारे बैरागी आले, फकीर आले, व्यापारी आले. कोणाला अमक्या वारी मीठ चालत नसे, कोणाला नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला, पाचदा पाणी लागे, कोणाला सूर्य बुडाल्यावर घास चालत नसे. शांतवन प्रत्येकाला दारातच विचारी, "आधी तुझा नेम सांग, मग दुखणं सांग." नेम ऐकून तो कपाळावर हात मारी, तासभर कुरकुरे, आणि नेमाप्रमाणे सगळं करी. कधी कधी याकोबदादा कुणासाठी तरी पाणी घेऊन येताना दिसत. त्यावर मंडळीत कोणी काही बोललं नाही.

बायजाई मात्र मरेपर्यंत लंगडत चालली. ती दिसली, की शांतवनची मान खाली जाई. पुढे त्याने शेकडो हाडं सांधली. ते एक त्याला सरळ करता आलं नाही.

तात्पर्य: कुरकुरत केलेली दयाही पोचते, अट घातलेली दया वाटेतच राहते.