दहा हात जास्त

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, मलाही कुणी सांगितलेलं नाही. लहानांनी पुढे बसा, मोठ्यांनी मागे. पण ऐका दोघांनीही, कारण शेवटी कुणाचा कान धरायचा हे माझं अजून ठरलेलं नाही.

एका टेकडीवर एक श्रीमंत नगर होतं. टेकडीच्या पायथ्याशी, नदीला लागून, एक गरीब गाव होतं. नगरातल्या लोकांना बांधकामाचा भारी सोस. नगरशेठांनी मजला चढवला, की बाकीचेही आपापल्या घरावर मजला चढवायचे. असं दरवर्षी चालायचं.

आणि दरवर्षी खालचं गाव धसायचं.

धसायचं म्हणजे कसं? आवाज नाही, भिंतीला तडा नाही, चुलीवरचं दूधसुद्धा हिंदकळत नव्हतं. सकाळी बायका दार उघडायच्या, तर आभाळ कालच्यापेक्षा लांब गेलेलं. सहा वर्षांत गाव एका प्रचंड खड्ड्याच्या तळाशी जाऊन बसलं. ऊन फक्त भर दुपारी घटकाभर यायचं. पाखरं खाली उतरेनाशी झाली. पोरं तर मान वर करूनच चालायला शिकली, आणि नदी आता घरांच्या छपरांपेक्षा उंचावरून वाहत होती. मधे मातीचा एक काठ, बस. भिंतीला कान लावला की पाणी ऐकू यायचं.

नगरातली माणसं काही दुष्ट नव्हती हो. उलट फार हळवी. त्यांनी दानाचा सण सुरू केला. वर्षातून एकदा, वैशाखी पौर्णिमेला, वाजतगाजत खड्ड्याच्या काठावर यायचं आणि धान्याच्या, कपड्यांच्या टोपल्या दोराने खाली सोडायच्या. टोपली रिकामी झाली की दोर वर ओढून घ्यायचा. ज्याचा दोर सगळ्यात लांब, तो सगळ्यात मोठा दाता. त्याच्या दारावर दोराची लांबी कोरायचे. नगरशेठांच्या दारावर सहा वर्षांत सहा आकडे कोरले होते, आणि प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा होता.

हे सगळे दोर वळायचा सुभाना. अंबाडीच्या वाखाला पीळ द्यावा तर त्यानेच. त्याची एकुलती एक बहीण, भिवरा, खालच्या गावात दिलेली. सुभाना अधूनमधून काठावर जाऊन तिला हाक मारायचा. आधी ती लगेच ओ द्यायची. मग तिची ओ उशिरा येऊ लागली, बारीक होत गेली. यंदा तर हाक मारून तो बसून राहिला, तंबाखू मळून झाली, तेव्हा कुठे खालून आवाज आला, "दादा, नदी भिंतीतून पाझरतेय. आणखी एकदा धसलो की संपलं."

सुभाना सुन्न होऊन घरी आला. दारात शेठांचा माणूस उभा.

"सणाचा दोर वळायला घे. यंदा दहा हात जास्त."

तो गेला, तोच गवंडी आला. शेठ सातवा मजला चढवणार होते. दगड वर खेचायला दोर हवा होता.

"गेल्या वर्षीपेक्षा किती लांब?" सुभानाने विचारलं.

"दहा हात जास्त."

सुभानाच्या बोटांतला वाख गळून पडला. सहा वर्षं तो हे दोन्ही दोर वळत होता. एक दोर दगड वर न्यायला, दुसरा टोपली खाली सोडायला. दोन्ही दरवर्षी तेवढेच वाढत होते, आणि त्याच्या डोक्यात कधी प्रकाश पडला नव्हता. त्याला स्वतःची शरम वाटली.

तरी खात्री करावी म्हणून त्याने आपल्याच घरावर हत्यार चालवलं. वाख ठेवायला त्याने एक माळा चढवला होता, तो उतरवून टाकला. मग काठावर जाऊन जुना दोर खाली सोडला. हा दोर जमिनीपासून चार बोटं वर लोंबकळायचा, हे त्याला ठाऊक होतं.

थोड्या वेळाने खालून आवाज आला. "दादा, टोक जमिनीला टेकलं. तू काय केलंस?"

सुभाना तडक शेठांकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. शेठांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं.

"तू म्हणतोस ते खरं असेलही, सुभाना. पण नगराची हौस मी कशी मोडू? असं कर, तुझ्या बहिणीला टोपलीत बसवून वर घे. तिची सोय माझ्याकडे. आणि बाकीच्यांना यंदा धान्याबरोबर गूळही देऊ."

"आणि सातवा मजला?"

"पौर्णिमेला जेवणं झाली की वरचा दगड बसेल. मुहूर्त निघालाय."

दुसऱ्या दिवशी सुभाना स्वतः दोर धरून खाली उतरला. उतरता उतरता त्याने खाली पाहिलं. सगळं गाव अंगणात उभं होतं. माणसं पिठासारखी पांढरी पडली होती, आणि प्रत्येकाची मान वर. तो जमिनीवर उभा राहिला तरी कुणी मान खाली केली नाही. सवयच राहिली नव्हती.

भिवराने त्याच्याकडे बघायला दोन्ही हातांनी स्वतःची हनुवटी खाली ओढली.

सुभानाने तिला मजल्यांचं सांगितलं, शेठांचा निरोपही सांगितला.

ती म्हणाली, "आम्हाला वाटायचं, आमच्याच हातून काही पाप घडलंय म्हणून धसतोय. टोपली आली की आम्ही हात जोडायचो रे दादा. पोरांनाही जोडायला लावायचो." "मी एकटी नाही यायची वर. यायचं तर सगळ्यांनी."

पौर्णिमा आली. ताशे वाजले, टोपल्या सुटल्या, शेठांचा दोर सगळ्यांत लांब ठरला. मग सगळं नगर पंगतीला गेलं. दोर वर ओढून गुंडाळायचं काम सुभानाचंच, त्यामुळे काठावर तो एकटाच उरला.

त्या दिवशी त्याने दोर गुंडाळले नाहीत. भर दुपारी, नगर पुरणपोळीवर तूप वाढून घेत होतं तेव्हा, दोरांना धरून एकेक पांढरा हात काठावर येऊ लागला. धडधाकट माणसं चढून आली. त्यांनी म्हाताऱ्यांना आणि पोरांना टोपल्यांत बसवून ओढून घेतलं. टोपल्या पहिल्यांदाच भरून वर आल्या. उजेड सोसेना म्हणून सगळ्यांनी डोळ्यांवर फडकी बांधली, एकमेकांचे खांदे धरले, आणि ती लांबलचक रांग डोंगरापलीकडच्या पडीक जमिनीकडे चालू लागली. सगळ्यात पुढे सुभाना आणि त्याचा खांदा धरून भिवरा.

जेवणं झाली, सातव्या मजल्याचा दगड बसला. खाली रिकामं गाव दहा हात धसलं, नदी आत शिरली आणि पाणी वर मिटलं. नगरात कुणालाही काही ऐकू आलं नाही.

पुढच्या वर्षी शेठांनी आठवा मजला चढवला. आता खाली धसायला गाव उरलं नव्हतं. तरी काहीतरी धसायला हवंच होतं ना?

सकाळी शेठ बाहेर आले, तर उताराच्या आळीत त्यांच्या धाकट्या भावाचं घर दिसेना. घराच्या जागी चौकोनी खड्डा होता, दहा हात खोल. तळाशी अंगणात भाऊ, त्याची बायको, मुलं, सगळी मान वर करून उभी होती.

शेठ वाकले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "घाबरू नकोस," ते मायेने म्हणाले, "टोपली सोडतो."

आणि त्यांनी दोर आणायला माणूस पिटाळला. पण नगरात दोर वळणारा आता कुणीच नव्हता, सणाचे दोर खड्ड्यातल्या पाण्यात गेले होते, आणि उरलासुरला एकच दोर घेऊन शेठांच्या घरावर गवंडी नवव्या मजल्याचं माप घेत होते.

तात्पर्य: आपल्या दानाचा दोर दरवर्षी लांब का लागतो, हे ज्याने विचारलं नाही, त्याचं दान अजून सुरूच झालेलं नाही.