शेल्याची काळी किनार

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राज्यांची नावेही आता कुणाला आठवत नाहीत. नदीच्या अलीकडे एक राज्य होते, पलीकडे दुसरे. दोघांत बारा वर्षे युद्ध चालले. शेवटी दोन्ही राजे थकले आणि त्यांनी तह केला. तहाची खूण म्हणून एकसारखे दोन पांढरे शेले विणून घेतले. त्यांना काळी किनार होती, दोन्हीकडच्या मेलेल्यांच्या आठवणीसाठी. दरवर्षी तहाच्या दिवशी दोन्ही राजांनी आपापला शेला पांघरून दरबारात बसायचे, असे ठरले.

पुढे अलीकडचा राजा वारला आणि त्याचा मुलगा गादीवर आला. त्याला सगळेच नवे हवे होते. शेले विणणाऱ्या चिमाक्काला त्याने बोलावून घेतले.

"ही किनार काढ आणि जरीची लाव."

चिमाक्काचा नवरा त्याच युद्धात गेला होता. ती हळूच म्हणाली, "महाराज, ही शोभेची किनार नाही. ही माणसं आहेत."

"माझ्या वडिलांच्या लढाईतली मढी मी का खांद्यावर वागवू? राज्य बदललंय, हे लोकांना दिसू दे!"

हुकूम मोडण्याची तिची छाती नव्हती. तिने किनार उसवून जरीची लावली.

तहाच्या दिवशी पलीकडचा म्हातारा दूत आला. त्याची नजर जरीवर खिळली.

"किनार कुठं गेली, महाराज?"

"जुनी झाली होती," राजा म्हणाला. दरबार हसला.

दूत हसला नाही. जेवायलाही न थांबता तो नावेत जाऊन बसला.

महिन्याभरात पलीकडचे सैन्य नदी उतरले. चिमाक्काचा एकुलता मुलगा पहिल्याच दिवशी पडला. राजाचा धाकटा भाऊ दोन वर्षांनी, शेवटच्या लढाईत.

हरलेला राजा त्याच दूतापुढे उभा राहिला. "एका किनारीसाठी एवढं रक्त?"

"किनारीसाठी कोण लढतं, महाराज?" दूत थकल्या आवाजात म्हणाला. "तुम्ही मेलेल्यांना विसरलात. उद्या तहही विसराल, या भीतीनं आमच्या राजानं आधीच सैन्य धाडलं."

पुन्हा तह झाला खरा, पण नदीकाठच्या गावांत दिवा लावायला कुणी उरले नव्हते.

मेलेल्यांची आठवण ज्याला जड होते, त्याच्या शब्दावर जिवंत माणसेही विसंबत नाहीत.