दुबळ्या मोहोळाचे दार

पूर्वी हिमवंताच्या पायथ्याशी शीतगिरी नगरात राजा भद्रसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व मधपाळांच्या कुळात जन्मला होता. ओसरीला पोकळ ओंडके टांगून तो त्यांत मधमाश्या पाळी. त्याची पत्नी उत्पला मोठ्या मनाची आणि तितकीच उतावळी. हाताशी असेल ते देऊन मोकळी व्हायची.

त्या वर्षी शरदात पावसाने उघडीपच दिली नाही. फुलोरा झडून गेला, माश्या घरातच अडकल्या. बोधिसत्त्वाने एकेक ओंडका मागून हलकेच उचलून पाहिला. जड लागला, तर आत हिवाळ्याची शिदोरी आहे असे समजायचे. यंदा सगळेच हलके होते. कोपऱ्यातले धाकटे मोहोळ तर रिकाम्या टोपलीसारखे उचलले गेले.

घरात मधाचा एकच घडा उरला होता, तोही राजासाठी राखलेला. त्या मधावर यंदा राजमधपाळाचा मान याच घरी येणार, असे सारे नगर म्हणत होते.

बोधिसत्त्व म्हणाला, "हा मध माश्यांना परत देऊ. बर्फ पडल्यावर त्यांना कोण वाढणार?"

"आणि राजाचा मान?"

"मानावाचून आपण मरत नाही. मधावाचून त्या मरतील."

"धन्य आहे तुमची! चालून आलेला मान माश्यांच्या तोंडी घालणारा नवरा मलाच बरा मिळाला," असे उत्पला थट्टेने म्हणाली खरी, पण तिचा ऊर अभिमानाने भरून आला होता.

दुसऱ्या दिवशी ऊन पडले. बोधिसत्त्व रानात गेला होता. चांगल्या कामाला उशीर कशाला, म्हणून उत्पलेने अर्धा घडा परातीत ओतला आणि परात उघड्या अंगणात ठेवली. "या गं बायांनो, पोटभर जेवा!"

आल्या त्या बळकट मोहोळांच्या माश्या. परात चाटूनपुसून लख्ख झाली, तरी त्यांची हाव भागेना. मग त्या धाकट्या मोहोळावर तुटून पडल्या आणि त्याच्याजवळ होता नव्हता तो मधही लुटू लागल्या. दाराशी मेलेल्या माश्यांचा खच पडला. उत्पला डंख सोशीत, पदराने वारीत, रडत उभी होती.

बोधिसत्त्व परतला. त्याने तिला शब्दानेही दुखवले नाही. धाकट्या मोहोळाचे दार ओल्या मातीने लिंपून एकच माशी जाईल एवढी फट ठेवली. तेवढे दार आतल्या माश्यांना राखता आले, आणि लुटारू माश्या कंटाळून माघारी गेल्या. संध्याकाळी साऱ्या माश्या घरी आल्यावर त्याने पसरट वाटीत मध घेतला, त्यात कुणी बुडू नये म्हणून वर वाळल्या काड्या पसरल्या आणि ओंडका मागून उघडून वाटी आत सरकवली.

"अंगणात ठेवलेले बळकटाचे होते, उत्पले. दुबळ्याला त्याच्या घरात नेऊन द्यावे लागते."

उरलेला मध त्याने रोज असाच प्रत्येक मोहोळाला वाढला, पण आधी धाकट्याला. राजाचा मान दुसऱ्या घरी गेला.

मग बर्फ पडले. उत्पला रोज धाकट्या ओंडक्याला कान लावी. आत मंद गुणगुण ऐकू आली की तिला घास गोड लागे. वसंताच्या तोंडी मात्र काहीच ऐकू येईना. तिने जेवणच टाकले. अखेर एका उबदार सकाळी मातीच्या फटीतून एक माशी बाहेर आली, उडाली, आणि पायांना पिवळे पराग लावून परतली. माश्या पराग नेतात ते पिल्लांसाठी. उत्पला हसता हसता रडू लागली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका उपासिकेला सांगितली. तिने आदल्या दिवशी चौकात अन्नदान मांडले होते, आणि धडधाकटांच्या रेटारेटीत एक आंधळी म्हातारी धक्के खाऊन उपाशीच परतली होती. उपासिकेच्या डोळ्यांचे पाणी खळत नव्हते.

शास्ते म्हणाले, "ती उत्पला तूच होतीस आणि तो मधपाळ मी. तुझे मन तेव्हाही निर्मळ होते, आजही आहे. करुणेला प्रज्ञेची जोड दे. तीच खरी दानपारमिता, दानाची परिपूर्णता."

उपासिका उठली. तिने ताट वाढून घेतले आणि त्या म्हातारीचे घर विचारीत निघाली.