पाचवीचा कोरा कागद

भुताची सोंगं वठवण्यात तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही. फक्त दिवेलागणीनंतर परसाकडे जायचं, तर मी बायकोला सोबत नेतो.

गावच्या बाळंतखोलीचा निधी सभापती वेशीच्या कमानीला वळवणार होते. मग खोलीला कुलूपच! ते पाहणीला आले, तेव्हा त्यांनी भिऊन बेत सोडावा म्हणून मी दाराआडून दोऱ्याने रिकामा पाळणा हलवला.

"म्हातारबा, दोरा दिसतोय!" ते हसले.

मी ओशाळून दोरा ओढला, तर तुटकं टोक हातात आलं. पाळणा मात्र झुलतच राहिला. वाऱ्याची झुळूकही नव्हती. माझीच बोबडी वळली.

सभापतींनी घाम पुसला, पण हेका सोडला नाही. "बाळाचं नशीब सटवाई लिहिते. तिथं सरकारी पैसा काय करणार?"

खोली सांभाळणाऱ्या गोजरा सुईणीने हाताने पाळणा थांबवला आणि त्याच्या आतून कोरा कागद काढला. पाचवीच्या पूजेला सटवाईपुढे ठेवतात, तसला.

"माझ्या नातवासाठी आणला होता, सायेब. सटवाई पाचव्या दिवशी येती. लेकरू तिसऱ्याच दिवशी गेलं, औषधाविना. मग त्याचं नशीब लिवलं कुणी?"