काइनाच्या बायकोचा प्रश्न

एका डोंगराळ गावात एक छोटंसं चर्च होतं आणि तिथली रीत मोठी गमतीची होती. उपदेश संपला की मंडळीतल्या कुणीही एकानं उभं राहून प्रश्न विचारायचा. एकच हं! उत्तर झालं की घंटा आणि मग सगळे घरी.

आता हा प्रश्न दर रविवारी पटकावणार कोण? आमचे हनोखराव! आधीच्या पाळकांना त्यांनी पार घाम फोडला होता. त्या रविवारी तर नवे पाळक पहिल्यांदाच उपदेश करणार होते. मग काय, चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नाही. हनोखराव मिशीला पीळ देत पुढंच बसले होते. प्रश्न तयार होता: आदाम आणि हव्वा ही पहिली माणसं, मग त्यांच्या मुलाला, काइनाला, बायको मिळाली कुठून?

उपदेश संपला आणि हनोखराव ताडकन उठले. त्याच वेळी मागच्या बाकावरून सुवार्ता नावाची तरुण आई अर्धवट उठली. कडेवरचं बाळ तापानं फणफणलेलं. हनोखरावांना पाहून ती बिचारी खाली बसली.

पाळकांनी ते पाहिलं. हसून म्हणाले, "हनोखराव, जरूर विचारा. फक्त आधी एवढं सांगा, उत्तर मिळालं की त्याचं काय करणार?"

झाली ना पंचाईत! हनोखराव आगाऊ असतील, पण देवाच्या घरात खोटं बोलणारे नव्हते. त्यांचे कान लाल झाले.

"काहीच नाही," ते म्हणाले. "तुम्हाला उत्तर येऊ नये, एवढंच हवं होतं." मग मागं वळून त्यांनी सुवार्तेला विचारायला सांगितलं.

बाळाला छातीशी धरून ती म्हणाली, "माझ्या पापामुळं बाळ आजारी पडलं, असं बाया म्हणतात. देवाचीच शिक्षा असेल, तर त्याला दवाखान्यात नेऊ कशी?"

"नाही गं बाई," पाळक म्हणाले. "येशूनं आजाऱ्यांना शिक्षा केली नाही, बरं केलं. ऊठ, आत्ताच ने."

घंटा वाजायच्या आत हनोखरावांनी आपला टांगा जोडला आणि घाटातून असा पिटाळला की बास! डॉक्टरांनी बाळाला सुई दिली. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर पोर हातचं गेलं असतं, असं ते म्हणाले.

दवाखान्याच्या पायरीवर हनोखराव ढसाढसा रडले. इतके रविवार आपण कुणाकुणाचा प्रश्न गिळला असेल, या विचारानं त्यांना राहवेना. मग डोळे पुसून त्यांनी सुवार्तेला विचारलं, "पोरी, सकाळपासून तू काही खाल्लंस का?" आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते उत्तराची वाट पाहत थांबले.

तात्पर्य काय, तर देवाच्या घरी प्रश्न खुशाल विचारावा. पण आधी आपल्या मनाला विचारावं, मला उत्तर हवंय की नुसता मोठेपणा?