बांधाचं अंथरूण

ठकूबाईची हकिकत माझ्याइतकी चोख सांगणारा माणूस या खाडीकाठी दुसरा नाही. म्हणजे होते दोघे, ते वारले. तिसरी माझी बायको, पण ती सांगत नाही, नुसत्या चुका काढते. तेव्हा माझ्यावरच भागवून घ्या.

तर फार फार वर्षांपूर्वी, आपल्या खापरपणज्यालाही दात आले नव्हते तेव्हा, कोलेखार गावात बांध टिकेना. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती, मधे मातीचा बांध, आणि त्याच्याखाली चिखल असा की त्याला तळच नाही. दिवसभर लोकांनी माती टाकावी आणि सकाळी येऊन बघावं तर बांधाच्या जागी गुळगुळीत चिखल, वर एक खेकडा बसलेला, जणू सातबारा त्याच्याच नावावर. त्या चिखलानं एकदा बैलगाडी बैलांसकट गिळली आणि पुढे वर्षभर खालून घुंगरं वाजत होती, असं म्हणतात. घुंगरं मी ऐकली नाहीत. खेकडा पाहिलाय.

खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची काही वर्षं भाताचं नाव नको. पंचांनी ठरवलं, श्रावणातल्या उधाणात बांध तगला तर राहू, नाहीतर गाव उठवू.

आता ठकूबाई. जाळी विणायची, एकटी राहायची, तोंडानं फटकळ. तिचा भाताचा तुकडा बांधाला लागूनच. गाव उठलं तर तिनं जायचं कुठे? ती तरातरा त्या बुडत्या बांधावर चढली आणि त्यालाच झाडू लागली, "मेल्या, अंथरूण पाहून पाय पसरावेत! तुझ्याखाली अंथरूण नाही, काही नाही, आणि पाया पसरतोस कुठे?"

गावकरी लांब उभे, वारा उलटा. त्यांना ऐकू आलं ते एवढंच: "अंथरूण... पाया..." त्यात तिचे केस सुटलेले, हात वर. झालं! सगळे जमिनीवर आडवे. देवी अंगात आली, देवी बांधाच्या पायाला अंथरूण मागते!

"अरे, मी रागावलेय रे," ठकूबाई म्हणाली.

"हो माये," गाव म्हणालं, "तुझा कोप झालाय, दिसतंय आम्हांला."

शेवटी तिलाच कळेना, आपण बोललो की देवी.

मग घराघरातून नारळीचे विणलेले झाप निघाले, चटया निघाल्या, काथ्याचे दोर, फाटकी जाळी, गोधड्या. अंथरायला गेले तर तंटा. बांध पसरलेला दक्षिणोत्तर. उत्तरेला डोकं करून जिता माणूस निजतो का? म्हणून सगळी अंथरुणं आडवी घातली, शेताकडून खाडीकडे. मग दुसरा तंटा, डोकं कुठल्या बाजूला? वरची आळी म्हणे, शेताकडे. खालची आळी म्हणे, मग पाय खाडीकडे होतील, खाडी आपली आई, पाप लागेल. वरची म्हणे, डोकं खाडीकडे केलं तर नाकात पाणी नाही जाणार?

"आधी अंथरा रे," ठकूबाई ओरडली. "डोकं कुठे ठेवायचं ते बांध बघेल. तुम्हांला कुठे आहे?"

तिनं जाळ्याला जाळं शिवलं, फट म्हणून ठेवली नाही. लेकराच्या गोधडीसारख्या कडा वर मुडपून आत खोचल्या. वर माती पडली. खालचा चिखल तळमळला, पण त्याला घास तोडता येईना. उधाण आलं. अख्खा बांध बोटभर खाली बसला, पण बसला तो सगळा एकसारखा, म्हणून कुठे तडकला नाही. आणि मग तो घोरू लागला, असं म्हणतात. गाव उठलं नाही. अंथरुणं बांधाखाली गेल्यामुळे झोपलंही नाही.

ठकूबाई? त्या उधाणानंतर ती कुणाला दिसली नाही. बांध जागा होऊ नये म्हणून ती त्याच्या उशाशी बसली आणि माती होऊन गेली, असं म्हणतात. घरात गोधडी उरली नाही म्हणून लेकीकडे राहायला गेली, असंही म्हणतात. दोन्ही मी शपथेवर सांगतो.

अजूनही वैशाखात बांधाला नवी माती घालताना घरटी एक चटई किंवा जुनं जाळं आधी अंथरतात, आडवं, आणि पुटपुटतात, "ठकूबाई, निजव गं याला." मग दोन्ही आळ्या डोक्यावरून भांडतात, हेही तिच्याच नावानं.

यंदा खाडीच्या बाजूला नवा बांध घालायला आश्लेषाबाई इंजिनीअर आल्या, काळ्या चिवट कापडाचे हे एवढाले गुंडाळे घेऊन. त्यांनीही ते आडवंच पसरलं, शेताकडून खाडीकडे, कडा मुडपून. मी म्हटलं, बघूया शिकलेल्यांची फजिती. विचारलं, "बाई, याचं डोकं कुठे? खाडीकडे केलंत तर बुडेल, आणि पाय केलेत तर आईला लाथ!"

बाईंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "आजोबा, कुशीत झोपलेल्या पोराचे पाय आईला नाही लागणार तर कुणाला लागणार?"